आईचें ताट आणि बाळाचा मेंदू

जळगांव जिल्ह्याच्या दक्षिणेस, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याकडे पसरलेला जामनेर तालुका हा काळ्या मातीचा व कापसाचा मुलूख आहे. कांग नदीच्या कांठचें हें गांव पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पाचोऱ्याशीं अरुंद मापाच्या आगगाडीनें जोडलें गेलें आणि ती चिमुकली गाडी पुढें सुमारें शंभर वर्षें त्या मार्गानें धांवत राहिली. खानदेशचा कापूस त्या काळांत मुंबईच्या गिरण्यांत जाई, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच गिरण्यांच्या वस्तींतून निघून उलट दिशेनें खानदेशांत आलेली एक वस्तु आहे आणि तिचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाहीं. जामनेरच्या सरकारी दवाखान्यांत गरोदर बाईच्या हातावर जी लोहाची गोळी ठेवली जाते, तिच्यांत लोहाबरोबर फॉलिक आम्ल नांवाचें द्रव्य असतें. त्या द्रव्याचा शोध मुंबईंत, दरिद्री गरोदर स्त्रियांच्या खाटांपाशीं सुरू झाला. आरंभीं तो रक्ताच्या रोगाचा शोध होता. त्याचा आजचा मुक्काम बालकाच्या मेंदूपाशीं आहे.

१९२८ सालीं लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. त्यांचें वय तेव्हां चाळिशीचें होतें. केंब्रिज येथें वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकून त्या मागाहून वैद्यकाकडे वळल्या होत्या. हिंदुस्थानांत स्त्रियांच्या आरोग्याचें काम करणाऱ्या डॉ. मार्गारेट बाल्फर यांनीं त्यांस एका विशिष्ट कामासाठीं बोलाविलें होतें. गरोदर स्त्रियांस एक विलक्षण पंडुरोग होई. रक्तांतील तांबड्या पेशी संख्येनें घटत, पण आकारानें मात्र मोठ्या होत. थकवा वाढत जाई आणि बाळंतपणाच्या सुमारास पुष्कळ जणी दगावत. गिरण्यांत राबणाऱ्या व गरीब वस्तींत राहणाऱ्या स्त्रियांत हा रोग विशेष दिसे.

विल्सबाईंचें काम हाफकिन संस्था व कामा रुग्णालय यांच्या आधारानें चाललें. रोग म्हटला कीं जंतु शोधावयाचा, अशी त्या पिढीची रीत होती, आणि विल्सबाईंनींहि प्रथम जंतूंचाच माग काढला. जंतु सांपडला नाहीं. मग त्यांनीं या स्त्रियांच्या घरीं काय शिजतें याची चौकशी आरंभिली. त्या काळांतील त्यांच्या निबंधांवर सहलेखक म्हणून मेहता व तळपदे हीं मुंबईचीं नांवें आढळतात, आणि आहाराची व राहणीची पाहणी हा त्यांतील एका निबंधाचा विषयच होता. पाहणींतून निघालें तें साधें होतें: ज्यांच्या ताटांत भाजीपाला, फळें, दूध व मांस यांचा अभाव, त्यांच्यांत हा रोग अधिक. आज हें कोणासहि सुचेल असें वाटतें. त्या दिवसांत प्रयोगशाळेंतून उठून दुसऱ्याच्या चुलीपाशीं जाऊन बसण्यास शास्त्रज्ञाला थोडें धैर्य लागे.

पुढील भाग बहुतेक वैद्यक विद्यार्थ्यांस गोष्टीसारखा पाठ असतो. मुंबईच्या स्त्रियांच्या आहाराबरहुकूम अन्न देऊन विल्सबाईंनीं उंदीर व माकडें पाळलीं. माकडांस तसाच पंडुरोग झाला. अनेक पदार्थ देऊन पाहिल्यावर त्यांस मार्माइट हा पदार्थ लागू पडला. मार्माइट म्हणजे बीअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टच्या गाळाचा काढलेला अर्क. इंग्लंडांत तो गरिबांच्या पावावर फांसला जाणारा स्वस्त खाद्यपदार्थ. तोच अर्क आजारी स्त्रियांस दिला तेव्हां कांहीं दिवसांतच त्यांच्या रक्तांत नव्या पेशी दिसूं लागल्या. १९३१ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें विल्सबाईंनीं हें प्रसिद्ध केलें. यीस्टमध्यें नेमकें काय आहे, हें त्यांस सांगतां येईना; म्हणून पुष्कळ वर्षें त्या अज्ञात द्रव्यास ‘विल्स घटक’ असेंच म्हणत.

त्या घटकास नांव मिळालें तें १९४१ मध्यें. अमेरिकेंत चार टन पालक वाटून, गाळून त्यांतून अत्यल्प द्रव्य वेगळें काढण्यांत आलें, आणि लॅटिन भाषेंत पानास जो शब्द आहे त्यावरून त्यास फॉलिक आम्ल म्हणूं लागले. १९४५ च्या सुमारास तें कारखान्यांत बनविण्याची कृति लेडर्ली प्रयोगशाळेंतील ज्या मंडळानें सिद्ध केली, त्याचें नेतृत्व येल्लाप्रगड सुब्बाराव या आंध्र शास्त्रज्ञाकडे होतें. मुंबईच्या बायांच्या रोगापासून निघालेलें सूत्र एका हिंदी माणसाच्या हातून पुरें झालें, ही गोष्ट आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत अजूनहि हवी तशी येत नाहीं.

रक्ताची गोष्ट मेंदूकडे वळली ती यानंतर. गर्भ राहिल्यावर साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत गर्भाच्या पाठीवरील एक पट्टी दोन्ही कडांनीं वर उचलली जाऊन मिटते आणि तिची नळी बनते. हीच नळी पुढें मेंदू व पृष्ठरज्जु होते. ती वरच्या टोंकाशीं मिटली नाहीं तर मेंदूच तयार होत नाहीं, खालीं मिटली नाहीं तर बालक उघड्या कण्यानें जन्मास येतें. हें सर्व ज्या दिवसांत घडतें त्या दिवसांत आपण गरोदर आहोंत हें पुष्कळशा स्त्रियांस कळलेलेंहि नसतें. १९६५ मध्यें लिव्हरपूल येथील हिबर्ड व स्मिथेल्स यांनीं या व्यंगाचा संबंध फॉलिक आम्लाच्या तुटवड्याशीं असावा असा तर्क मांडला. त्यावर बराच वाद झाला. अखेर १९९१ सालीं सात देशांतील तेहतीस केंद्रांत झालेल्या एका चांचणीचा निकाल लागला: ज्यांस पूर्वीं असें मूल झालें होतें अशा स्त्रियांनीं गर्भधारणेपूर्वींपासून फॉलिक आम्ल घेतलें, तर व्यंग पुन्हा उद्भवण्याचें प्रमाण ७२ टक्क्यांनीं घटलें. एवढें स्वच्छ उत्तर वैद्यकांत क्वचितच मिळतें.

हिंदुस्थानांत लोह व फॉलिक आम्ल यांची गोळी गरोदर स्त्रियांस सरकारमार्फत वांटण्यास १९७० मध्यें आरंभ झाला. तिच्यांत ६० मिलिग्राम लोह व ५०० मायक्रोग्राम फॉलिक आम्ल होतें. हेतु पंडुरोग हटविण्याचा होता. गरोदरपण कळल्यावर मिळणारी ही गोळी मज्जानलिका मिटण्याच्या वेळीं बहुधा पोंचतच नाहीं, ही गोष्ट वेगळी. याहून मोठा प्रश्न असा, कीं या गोळींत फॉलिक आम्लाचें एक भावंड नव्हतें, आणि बहुतेक ठिकाणीं तें आजहि नसतें.

तें भावंड म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व. १९२६ मध्यें मायनॉट व मर्फी यांनीं एका जीवघेण्या पंडुरोगावर यकृत खावयास घालून रोगी वांचविले. त्या यकृतांतील लाल स्फटिकरूप द्रव्य १९४८ मध्यें अमेरिका व इंग्लंड येथें जवळजवळ एकाच वेळीं हातीं आलें. डोरोथी हॉजकिन या विदुषीनें १९५६ मध्यें त्याची रचना उलगडली. ब-१२ आणि फॉलिक आम्ल हीं शरीरांत एकमेकांच्या हातांत हात घालून काम करतात. पेशींची वाढ होण्यास दोहोंची गरज. शिवाय मज्जातंतूंभोंवतीं जें मायेलिन नांवाचें स्निग्ध आवरण चढतें, तें शाबूत राहण्यास ब-१२ अवश्य. ब-१२ नसेल तर फॉलिक आम्ल शरीरांत भरपूर असूनहि एका रूपांत अडकून पडतें. फॉलिक आम्ल नवें नवें होतें तेव्हां कांहीं वैद्यांनीं यकृताऐवजीं तेंच देऊन पाहिलें. रोग्यांचें रक्त सुधारलें, चेहरा टवटवीत झाला. पण हातापायांस मुंग्या, तोल जाणें, पाय लुळे पडणें हीं लक्षणें पुढें सरकतच राहिलीं. रक्त पाहून वैद्य निर्धास्त आणि आंत मज्जातंतूंची हानि चालू, असा तो प्रकार होता.

मोठ्या माणसाच्या तयार मज्जातंतूंची ही कथा, मग ज्याचा मेंदू अजून घडावयाचा आहे त्या तान्ह्याचें काय? त्याचें उत्तर १९६२ मध्यें वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यक महाविद्यालयांतून आलें. जाधव, वेब, वैष्णव व बेकर यांनीं लॅन्सेटमध्यें सहा अर्भकांचें वर्णन केलें. हीं मुलें आईच्या दुधावर वाढलेलीं. जन्मानंतर कांहीं महिने नीट होतीं. मग तीं फिकीं पडूं लागलीं, बोटांच्या पेरांवर काळेपणा आला, हंसणें व ओळखणें कमी झालें. जें येत होतें तेंहि विसरूं लागलीं, आणि हातपाय नकळत हलूं लागले. दूध भरपूर होतें, पण खुद्द आयांच्याच शरीरांत ब-१२ नव्हतें, तर तें दुधांत कोठून उतरणार? जीवनसत्त्व दिल्यावर मुलें थोड्याच दिवसांत पुन्हा पाहूं-हंसूं लागलीं. अशीं मुलें आपल्या देशांतील बालरुग्णालयांत आजहि येतात. जन्मतां मेंदूचें वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारें चौथाई असतें आणि दोन वर्षांत तें तीनचतुर्थांशाच्या पलीकडे जातें. मायेलिनचें आवरण चढण्याचा वेगहि याच दिवसांत सर्वांत अधिक. तेव्हां ही टंचाई कोणत्या घटकेस येते यावर सारें अवलंबून.

येथें क्षणभर जामनेरच्या ताटाकडे यावें. ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, वांग्याचें भरीत, उडदाची डाळ, मेथीची भाजी, वर ठेचा. या ताटास पोषणाच्या दृष्टीनें हिणविण्यासारखें फार नाहीं. डाळींत व पालेभाजींत फॉलिक आम्ल चांगलें असतें, आणि मुंबईच्या त्या रोगग्रस्त स्त्रियांस हें ताट मिळालें असतें तर विल्सबाईंस बहुधा हिंदुस्थानांत यावें लागलें नसतें. परंतु ब-१२ हें कोणतीहि वनस्पति तयार करीत नाहीं. तें फक्त सूक्ष्म जंतु तयार करतात; गाईम्हशींच्या पोटांतील जंतूंनीं बनविलें म्हणून तें दुधांत व मांसांत उतरतें. म्हणजे शाकाहारी घरांत ब-१२ चा मार्ग दूध, दहीं व ताक एवढाच. पेलाभर, म्हणजे २५० मिलिलिटर, गाईच्या दुधांत तें सुमारें एक मायक्रोग्राम असतें, आणि दूध फार वेळ आटविल्यास त्यांतूनहि कांहीं जातें. तें स्निग्धांशांत राहत नसल्यामुळें तुपांत तें जवळजवळ नसतेंच. गरोदर सुनेच्या भाकरीवर तुपाची धार धरणारी सासू आपल्या परीनें प्रेमच करीत असते. पण ज्या ताकास घरांत किंमत नाहीं, त्यांत तुपापेक्षां या जीवनसत्त्वाचा अंश अधिक असतो. मांसाहार निषिद्ध नाहीं अशा घरांतहि तो सणावारीं होतो आणि त्याचा वांटा सुनेपर्यंत पोंचतोच असें नाहीं.

हें सारें तर्काचें झालें. प्रत्यक्ष मोजमाप महाराष्ट्रांतच झालें, आणि तेंहि दुसऱ्याच प्रश्नाच्या निमित्तानें. १९९३ मध्यें पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील शास्त्रज्ञांच्या सहकार्यानें पुण्याजवळील सहा गांवांत एक अभ्यास आरंभिला. मधुमेहाचें मूळ गर्भावस्थेंत आहे काय, हा त्यांचा प्रश्न. स्त्री गरोदर होण्यापूर्वींपासून तिची उंची, वजन, आहार व कामधंदा नोंदवावयाचा, गरोदरपणांत अठराव्या व अठ्ठाविसाव्या आठवड्यांत रक्त तपासावयाचें आणि जन्मल्याबरोबर बालक मोजावयाचें, अशी योजना होती. बालकांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो भरलें. साउदॅम्प्टनच्या बालकांचें साडेतीन किलोच्या आसपास. हडकुळ्या दिसणाऱ्या या बाळांत स्नायु कमी पण चरबी मात्र राखलेली, असें आढळलें. ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळें व दूध वारंवार खात, त्यांचीं बाळें अधिक भरलेलीं होतीं. साठ वर्षांपूर्वींच्या मुंबईंतील पाहणीचें हें जणूं उत्तर.

रक्ताच्या तपासणींत मात्र कोणाच्याहि मनांत नव्हतें तें निघालें. सुमारें दोनतृतीयांश आयांच्या रक्तांत ब-१२ कमी होतें. फॉलिक आम्लाचा तुटवडा अवघ्या एकीस. म्हणजे विल्सबाईंच्या काळीं जो दुष्काळ होता तो येथें नव्हताच, आणि ज्याकडे सरकारी गोळीचें लक्ष नव्हतें तोच घराघरांत ठाण मांडून होता. मुलें सहा वर्षांचीं झाल्यावर पुढील हिशेब लागला. ज्या आयांत फॉलिक आम्ल अधिक व ब-१२ कमी, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढें मधुमेहाकडे नेणारी प्रवृत्ति सर्वांत अधिक होती. १९७० पासून वांटल्या जाणाऱ्या गोळीवर हा ठपका ठेवणें घाईचें होईल. पण दोघां भावंडांतील एकासच सारखें खावयास घालावें काय, हा प्रश्न तेव्हांपासून टाळतां येण्यासारखा राहिला नाहीं.

मेंदूविषयींचा निबंध २००८ मध्यें आला. त्याच अभ्यासांतील नऊ वर्षांचीं मुलें निवडलीं: ४९ मुलें अशीं, कीं ज्यांच्या आयांत गरोदरपणीं ब-१२ फारच कमी होतें, ५९ अशीं, कीं ज्यांच्या आयांत तें चांगलें होतें. रंगीत वर्तुळांतील आंकडे क्रमानें रेघेनें जोडणें, ऐकलेले आंकडे उलट क्रमानें म्हणून दाखविणें अशा त्यांच्या परीक्षा घेतल्या. या दोन कामांत पहिल्या गटांतील मुलें मागें पडलीं. त्या कामांस लक्ष टिकविणें आणि क्षणापुरतें स्मरणांत धरणें लागतें, म्हणजे शाळेंत फळ्याकडे पाहून गणित उतरवून घेण्यास जें लागतें तेंच. सामान्य बुद्धीच्या परीक्षेंत मात्र दोन्ही गटांत फरक निघाला नाहीं, आणि हें निबंधांत प्रामाणिकपणें नमूद आहे. वर्तमानपत्री मथळ्यांनीं तेवढें वाक्य वगळलें तर त्याचा दोष संशोधकांकडे नाहीं.

विरुद्ध पुरावाहि आहे. २०१० मध्यें म्हैसूरच्या मुलांवरील अभ्यासांत आईचें फॉलिक आम्ल अधिक असल्यास मुलाची आकलनशक्ति बरी, पण ब-१२ शीं तसा संबंध नाहीं, असें निघालें. बंगळूर येथें गरोदर स्त्रियांस रोज ५० मायक्रोग्राम ब-१२ दिलें. मुलें नऊ महिन्यांचीं असतां फरक दिसला नाहीं, अडीच वर्षांचीं झाल्यावर बोलून व्यक्त होण्याच्या शक्तींत थोडा दिसला. नेपाळांत भक्तपूर येथें प्रथम सहाशें अर्भकांस आणि नंतर गरोदर स्त्रियांस ब-१२ देऊन पाहिलें. २०२० व २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या या दोन्ही चांचण्यांत मुलांच्या मेंदूच्या विकासांत लाभ आढळला नाहीं. ज्यांस हा विषय आवडतो त्यांनीं हे निकाल सोईस्करपणें बाजूस सारूं नयेत. त्यांतून एवढेंच निघूं शकतें, कीं तुटवडा सौम्य असेल तर लाभहि दिसणार नाहीं. किंवा असें, कीं गरोदरपण सुरू झाल्यावर देणें हेंच उशिराचें ठरतें. मज्जानलिका अठ्ठावीस दिवसांत मिटते, हें लक्षांत घेतां दुसरी शक्यता डोळ्याआड करतां येत नाहीं.

पुणेकरांनीं ही दुसरी शक्यताच हातीं धरली. १९९३ नंतर जन्मलेलीं तींच मुलें २०१२ च्या सुमारास सतरा-अठरा वर्षांचीं झालीं होतीं. लग्न व्हावयाचें आहे, मूल तर दूरच, अशा वेळींच त्यांस रोज दोन मायक्रोग्राम ब-१२ देण्यास प्रारंभ झाला. एका गटास नुसतें ब-१२, दुसऱ्यास त्याबरोबर इतर सूक्ष्म पोषकद्रव्यें व दुधांतील प्रथिन, तिसऱ्यास कांहीं गुण नसलेली गोळी. हें पहिलें बाळंतपण होईपर्यंत चालावयाचें. दोन मायक्रोग्राम म्हणजे औषधाची नव्हे, अन्नाची मात्रा. दोन-अडीच पेले दुधांत मिळते तेवढी.

२०२१ मध्यें या प्रयोगांतून जन्मलेल्या बालकांच्या परीक्षेचा निकाल प्रसिद्ध झाला. दोन वर्षांच्या सुमारास मुलांचें आकलन, भाषा व हालचाल यांची कसोटी घेतली असतां, ज्यांच्या आयांस गरोदर होण्यापूर्वींपासून नुसतें ब-१२ मिळालें होतें तीं मुलें आकलनांत व भाषेंत निर्गुण गोळीच्या गटाहून सरस ठरलीं. मुलांची संख्या फार नव्हती. शिवाय ज्या गटास ब-१२ बरोबर इतर द्रव्यें दिलीं, त्या गटांत तसा लाभ दिसला नाहीं. हें कोडें आहे, आणि अधिक द्रव्यें घातलीं म्हणजे अधिक गुण येतो ही बाजारी समजूत बाळगणाऱ्यांस तें अडचणीचें आहे.

त्या सहा गांवांत तें काम अजून चालू आहे. ज्या मुलींच्या आयांचें रक्त १९९३ नंतरच्या वर्षांत काढून ठेवलें, त्या मुली आतां स्वतः आया झाल्या आहेत. आणि त्यांच्या तान्ह्यांच्याहि डोक्याचा घेर जन्मल्याबरोबर फितीनें मोजून वहींत आजीच्या व आईच्या नोंदीखालीं लिहिला जातो.